पेल्याशेजारची बशी

आमच्याकडे अभिप्रायार्थ येणाऱ्या पुस्तकांचा ढीग कधी कमी होत नाही. तरीही या महिन्यात ज्या कृतीचे परीक्षण करण्यास आम्ही बसलो आहोत, ती कोणा प्रकाशकाने धाडलेली नाही. ती आमच्यापुढे लातुरातील एका उपाहारगृहाच्या मेजावर आली. सोळा पानांची, चकचकीत जाड कागदावर छापलेली, कातड्याचा आभास करणाऱ्या वेष्टणात बांधलेली अशी ही खाद्यपत्रिका असून तिचा उत्तरार्ध मद्यांना व मद्यांबरोबर खावयाच्या पदार्थांना वाहिलेला आहे. एका स्नेह्यांच्या चिरंजीवांना नोकरीत बढती मिळाली, तिच्या निमित्ताने त्यांनी आम्हां चौघांस तेथे नेले होते. हाती आलेला छापील मजकूर शेवटपर्यंत वाचून काढण्याची आमची जुनी खोड तेथेही सुटली नाही. वाचून झाल्यावर, एखादी घाईने भाषांतरलेली कादंबरी मिटताना जे वाटते तेच आम्हांस वाटले: येथे सर्व काही आहे, फक्त ज्या गावात हे घडते ते गाव नाही.

कुटुंबात मोठ्याने वाचल्या जाणाऱ्या मासिकात असल्या विषयाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न आमच्या कित्येक वाचकांच्या ओठांवर आला असेल. त्यास उत्तर देणे आम्ही टाळणार नाही. परंतु आधी पत्रिकेतील मजकुराकडे वळू.

पेयांच्या भागात मोहितो, मार्गारिटा, ब्लडी मेरी, पिना कोलाडा अशी नावे ओळीने मांडली आहेत. यांस कॉकटेल म्हणतात हे आता लातुरातील महाविद्यालयीन मुलासही सांगावे लागत नाही. समोरच्या पानावर 'स्टार्टर' या मथळ्याखाली खाद्यपदार्थ आहेत. त्यांत मंचुरियन आहे, ज्याच्या जन्माचे श्रेय १९७५ च्या सुमारास मुंबईत नेल्सन वाँग यांना दिले जाते आणि ज्याचा मांचुरियाशी नावापुरताच संबंध आहे. पनीर चिली आहे, चिकन लॉलीपॉप आहे, तळलेले मक्याचे दाणे आहेत, बटाट्याच्या कांड्या आहेत, हराभरा कबाब आहे. आपले म्हणता येईल असे दोनच पदार्थ: मसाला पापड आणि 'पीनट मसाला'. भुईमुगाच्या प्रदेशात भुईमूग इंग्रजी पोशाख करून आल्याखेरीज त्यास मेजावर प्रवेश नाही, ही गोष्ट आम्हांस मौजेची वाटली आणि थोडी खिन्न करणारीही.

जो शब्द सर्वांच्या तोंडी आहे तो या सोळा पानांत कोठेच नाही. तो शब्द 'चखणा'. हिंदीतील 'चखना', म्हणजे चव घेणे, त्यावरून तो आला; मराठीत 'चाखणे' आहेच. दुकानांच्या पाट्यांवर तो पुष्कळदा 'चकणा' असा लिहिलेला आढळतो, आणि दृष्टीत व्यंग असलेल्या माणसाचे विशेषण व खाऱ्या दाण्यांची पुडी ही एकाच अक्षरांत येऊन बसतात. ही केवळ शुद्धलेखनाची हयगय नसावी. ज्या वस्तूकडे समाज सरळ नजरेने पाहत नाही तिचे नाव तिरपे लिहिले गेल्यास आश्चर्य ते काय?

पूर्वी असे नव्हते. संस्कृतात या वस्तूस 'उपदंश' किंवा 'अवदंश' अशी प्रतिष्ठित नावे होती. वात्स्यायनाने नागरकाच्या दिनचर्येचे वर्णन करताना मद्यांची नावे दिली आहेत आणि लगेच त्यांच्याबरोबर खारट, कडू, तिखट, आंबट उपदंश, फळे व हिरव्या भाज्या असाव्यात असेही सांगितले आहे. म्हणजे पेय आणि तोंडी लावणे ही जोडी त्याच्या मते एकाच वाक्याची होती. पुढे वैद्यकात 'उपदंश' या शब्दास एका लज्जास्पद रोगाचा अर्थ चिकटला व रसिकांनी तो टाकून दिला. आमच्या प्रांताच्या अगदी शेजारी, कल्याणीस, म्हणजे आजच्या बसवकल्याणास, बाराव्या शतकात तिसरा सोमेश्वर चालुक्य राज्य करीत होता. त्याच्या 'मानसोल्लासा'त राजाच्या भोजनाचे सविस्तर प्रकरण आहे आणि मदिरापानाचीही एक क्रीडा म्हणून गणना केली आहे. उदगीर किंवा निलंग्याहून ते गाव काही फार दूर नाही. फारसीत अशा खाद्यास 'गजक' म्हणत. तोच शब्द उत्तर हिंदुस्थानात उतरत उतरत तिळगुळाच्या वडीवर येऊन थांबला आणि मुलांच्या हाती गेला. तुर्कस्थानात पेल्याबरोबरच्या बश्यांना 'मेझे' म्हणतात. तो शब्द फारसीतील 'चव' या अर्थाच्या शब्दावरून आला आणि आपली 'मजा' हीही त्याच घरची लेक. जपानीत माशाला जो नित्याचा शब्द आहे त्याचा मूळ अर्थ मद्याबरोबरचे तोंडी लावणे असाच होता. शब्दांचा हा प्रवास पाहिला म्हणजे वाटते की, इतर लोकांनी या लहानशा बशीस नाव देताना चव आठवली, मासा आठवला, मजा आठवली. आपण मात्र शरम आठवली.

आता परीक्षणाचा मुख्य मुद्दा. आमच्या मते या पत्रिकेचा दोष तिने परक्या वस्तू घेतल्या हा नव्हे. परकी मिरची घेऊन आपण तिची चटणी केली, परका भुईमूग घेऊन त्याचे कूट केले. घेण्यात कमीपणा नाही. दोष हा की, कॉकटेल म्हणजे काय याचा विचार न करता त्याच्या शेजारी चखण्याची जुनीच योजना, केवळ नावे बदलून, मांडली आहे.

चखणा हा जन्मला तो वाईट दारूच्या शेजारी. ज्यांनी हातभट्टीची दारू दुरून जरी हुंगली असेल त्यांस हे पटेल. तिची चव घ्यावयाची नसते, मारावयाची असते. म्हणून लिंबाची फोड, मिठाची चिमूट, लोणच्याचा खार, जाळणारी मिरची. घोट गिळावा आणि तत्काळ जिभेला दुसऱ्या कोणत्या तरी तीव्र गोष्टीत गुंतवावे, एवढेच त्या चखण्याचे काम. ते एक प्रकारचे औषध होते, अनुपान होते. कॉकटेलची गोष्ट निराळी. १८०६ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क प्रांतातील एका वृत्तपत्राने या शब्दाची जी पहिली छापील व्याख्या दिली, तीत मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क अशी चार द्रव्ये सांगितली आहेत. त्याहूनही जुने 'पंच' नावाचे पेय इंग्रज व्यापाऱ्यांनी सतराव्या शतकात याच देशात उचलले. मद्य, साखर, लिंबू, पाणी व मसाला ही त्यातील पाच द्रव्ये, आणि पुष्कळ कोशकार त्या नावाचा उगम आपल्या 'पाच' या संख्येतच मानतात. म्हणजे जो आंबटपणा, जो गोडवा, जो कडवटपणा पूर्वी बशीत असे तो येथे पेल्यातच उतरला आहे. मार्गारिटाच्या पेल्याच्या काठाला तर मीठच लावलेले असते. तोंडी लावणे तोंडाशी येऊनच थांबले आहे. कॉकटेल म्हणजे मद्य आणि त्याचा चखणा यांचे एकाच भांड्यात लागलेले लग्न होय. तेथे पुन्हा बाहेरून आंबट-गोड-तिखट रस्सा घातलेले मंचुरियन मांडणे म्हणजे लग्न लागल्यावर पुन्हा अंतरपाट धरण्यासारखे आहे.

त्या रात्री आम्ही एकच पेला घेतला, आणि हे आम्ही उघड सांगतो. आम्ही अट्टल मद्यपी नाही व सोवळेही नाही. पेला मोहितोचा होता. पुदिना, लिंबू, साखर, सोडा व रम यांचे हे क्यूबातील मिश्रण लातुरात चांगले जमले होते. नंतर मंचुरियनचा एक गोळा तोंडात टाकला, आणि पुढच्या घोटात पुदिना कोठे गेला तो आम्हांस सापडेना. सोयाचा खारटपणा, व्हिनेगरचा आंबटपणा, साखर, लसूण, तिखट यांनी जिभेवर एवढी गर्दी केली होती की, त्या गर्दीत मोहितो म्हणजे थंड पाणी. 'पीनट मसाला' मागविला, तर दाणे खवट. तळण जुने असल्याची तक्रार वाढप्याजवळ केली, तेव्हा तो नम्रपणे म्हणाला, "साहेब, कांदा-लिंबू जास्त टाकून देऊ का?" दोष झाकण्याची ही युक्ती त्या तरुणाने शोधून काढलेली नाही, चखण्याच्या सबंध परंपरेची ती आहे.

मग कॉकटेलच्या शेजारी असावे काय? आमचे उत्तर असे की, जे स्वतःच्या चवीसाठी खाल्ले जाते ते असावे, थोडके असावे, आणि पेल्यात जे आहे त्याची पुनरुक्ति त्यात नसावी. या कसोटीस उतरणारे जेवढे पदार्थ मराठवाड्याच्या घरोघरी आहेत तेवढे आम्हांस दुसरीकडे क्वचितच आढळले. याचे कारण उघड आहे. येथील जेवणाचा कणा ज्वारीची भाकरी. तिला स्वतःची चव आहे, पण ती मितभाषी आहे. म्हणून तिच्याशेजारी बोटभर का होईना, नेमकी चव असलेले काही तरी लागते. शतकानुशतके या गरजेतून तोंडी लावण्याची एक संपूर्ण कला येथे सिद्ध झाली, आणि ती सिद्ध करणाऱ्या स्त्रियांनी पेल्याचा विचार कधी स्वप्नातही केला नव्हता.

शेंगदाण्याची चटणीच घ्या. दाणे मंद आंचेवर भाजावेत, फोलपटे पाखडून काढावीत, लसूण, लाल तिखट व मीठ घालून उखळात कुटावेत, ते इतके की दाण्याने आपले तेल सोडून चटणीचे ढेकूळ चमकू लागावे. यंत्रात फिरवली की तिची भुकटी होते आणि ती दातांत अडकते. कुटली की ती जिभेवर विरते. हा भेद लहान दिसतो, पण सबंध पदार्थ त्या भेदावर उभा आहे. कडक भाकरीच्या तुकड्यावर ही चटणी चिमूटभर घेतली तर मार्गारिटास याहून चांगला सोबती मेक्सिकोतही मिळणे कठीण. तेथे ते मक्याचा कुरकुरीत पापुद्रा खातात, येथे ज्वारीचा खावा, एवढाच फरक. कारळाची चटणी तिच्याहून काळी, तिच्याहून गंभीर. तिच्यात किंचित कडवटपणा आहे, म्हणून टॉनिक घातलेल्या कडू पेयाशेजारी ती नको. तेथे नुसते खारे दाणे बरे, कारण मीठ कडवटपणास दाबून टाकते. जवसाची चटणी आम्हांस व्यक्तिशः आवडत नाही. ती आवडणाऱ्यांशी आम्ही वाद घालीत नाही.

सांडगी मिरचीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे हा अन्याय होईल. चिरलेल्या मिरचीत मेथी, धने, मीठ भरून ती आंबट ताकात मुरवावयाची, चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळवावयाची, आणि वर्षभर लागेल तशी तळावयाची. तळल्यावर ती काचेसारखी तडकते. तिच्यात तिखट आहे, पण ताकाने त्याची धार बोथट केलेली आहे. ही गोष्ट महत्त्वाची आहे. कारण मद्यार्क आणि मिरचीचा तिखटपणा हे दोघेही जिभेतील एकाच दाहसंवेदनेस चेतवितात, त्यामुळे कडक पेयाबरोबर झणझणीत खाणाऱ्यास दुप्पट भाजल्यासारखे वाटते. दूधदुभत्यातील प्रथिने तो दाह शमवितात. टोमॅटोच्या रसाच्या ब्लडी मेरीशेजारी एकच सांडगी मिरची ठेवावी. एकच; दुसरी मागणारा गृहस्थ चाखावयास आलेला नसून पैज मारावयास आलेला आहे असे समजावे. त्याच न्यायाने धपाट्याचे लहान चतकोर करून घट्ट दह्याबरोबर द्यावेत. पिठातील तिखट-लसूण आणि दह्याचा गारवा यांचा समतोल घरात आधीच साधलेला आहे, आचाऱ्याने तो बिघडवू नये म्हणजे झाले.

घरचे ते सर्वच चालेल असा मात्र आमचा पक्ष नाही. सुशीला हा चुरमुऱ्यांचा मऊ, कोमट, डाळ्याचे कूट व दाणे घातलेला पदार्थ आम्हांस प्राणप्रिय आहे. परंतु त्याची जागा सकाळच्या चहापूर्वीची आहे. रात्री नऊ वाजता पेल्याशेजारी तो ओशाळल्यासारखा दिसेल आणि थंड होऊन गोळा होईल. हुरडा तर शेतातच खावा. पौष-माघात शेणीच्या विस्तवावर भाजलेली कोवळी कणसे तळहातावर चोळून जे दाणे पडतात ते मेजापर्यंत टिकत नाहीत, आणि त्यांच्याबरोबर मद्य घेणे आम्हांस अप्रशस्त नव्हे, तर अनावश्यक वाटते.

लातूरकडून नांदेडकडे आले की बशीचा रंग बदलतो. देगलूर, बिलोली, धर्माबाद हे पूर्वेकडील तालुके तेलंगणास लागून आहेत. बोलण्यात, लग्नात आणि तळणीत ते लागूनच राहतात. हा सर्व मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि त्या संस्थानास आबकारीचे उत्पन्न फार मोठे होते. शिंदीच्या झाडाचा रस, ज्यास तिकडे 'सेंधी' म्हणत, आणि ताडाची ताडी ही गरिबाची पेये. किनवट-माहूरच्या रानात मोहाची फुले. सेंधीच्या मडक्याशेजारी उकडून फोडणी दिलेले हरभरे आणि मिरचीची भजी असत. हरभऱ्याचा हा साधा पदार्थ आमच्या मते सबंध प्रांतातील सर्वांत शहाणा चखणा आहे. त्यात प्रथिने आहेत, तो पोटास आधार देतो, तो तहान भडकवीत नाही, आणि तो हळूहळू एकेक दाणा करून खावा लागत असल्यामुळे पिणाऱ्याचाही वेग मंदावतो. धर्माबादच्या मिरचीची बाजारपेठ सर्वदूर प्रसिद्ध आहे, आणि लातूरची डाळींची पेठ तिच्याहून प्रसिद्ध. या दोन पेठांच्या मधल्या प्रदेशातील उपाहारगृहात बाटलीतला सॉस आणि डब्यातला मका वाढला जातो, याला अरसिकता म्हणावे की हिशेब, हे आम्हांस कळत नाही.

मांसाहाराविषयी आम्ही थोडक्यात आटोपतो. ज्या शेळीस आजही जिल्ह्याच्या जुन्या नावावरून उस्मानाबादी म्हणतात, ती लातूर-धाराशिवच्या माळावरची. तिची तव्यावर परतलेली कलेजी, वर फक्त मीठ, मिरे आणि लिंबू, हा पदार्थ लॉलीपॉपच्या तांबड्या रंगापेक्षा सर्वथा सभ्य आहे. त्या पत्रिकेत ती नव्हती.

आता आरंभी बाजूस ठेवलेला प्रश्न. मद्याने घरे धुळीस मिळविली आहेत. अशा वस्तूच्या शेजारच्या बशीची ही कौतुके कशाला? आम्ही हा आक्षेप हलका मानीत नाही. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' त्यांच्या निधनानंतर १९१९ साली रंगभूमीवर आले, आणि त्यातील तळीरामाच्या आर्यमदिरामंडळास हसता हसता प्रेक्षकांच्या घशात आवंढा दाटून येई, तो सिंधूच्या हालांनी. मराठी मनात तेव्हापासून पेला पक्का बसला आहे. त्याच्याशेजारचे ताट कोणी भरले याची विचारपूस मात्र फारशी झाली नाही.

आम्हांस ते ताट ठाऊक आहे. आमचे बालपण नांदेडात ज्या आप्तांच्या वाड्यात गेले तेथे काका आठवड्यातून एकदा माडीवर दोघा-तिघा मित्रांसह बसत. दार लोटलेले असे. खाली काकू त्या संध्याकाळी त्यांच्याशी एक शब्द बोलत नसत, आणि तरी दिवेलागणीस चुलीवर कढई चढे. कुरडया, सांडगे, कधी हरभऱ्याची उसळ, कधी धिरडे. तेल मात्र त्या दिवशी नवे असे. ताटली आमच्या हाती देताना त्या इतकेच म्हणत, "रिकाम्या पोटी नको त्यांना. घेऊन जा वर, अन् लगेच खाली ये." पुढे आम्ही वाचले की, मद्य मुख्यतः लहान आतड्यातून रक्तात शिरते, आणि जठरात अन्न असल्यास, विशेषतः स्निग्ध व प्रथिनयुक्त असल्यास, ते तेथे अडून राहते व सावकाश उतरते. काकूंनी हे कोठे वाचले नव्हते. दार उघडून पेला काढून घेण्याचा अधिकार त्यांस नव्हता. ताटली वर धाडण्याचा होता, आणि तो त्यांनी कधी चुकविला नाही. काका साठीच्या आत गेले. ताटली त्यांस वाचवू शकली नाही, हेही सांगणे प्राप्त आहे.

म्हणूनच हॉटेलातल्या बशीची परीक्षा करताना तिचा हेतू काय, हे आम्ही आधी पाहतो. काकूंची ताटली पिणाऱ्याच्या पोटाकडे पाहून भरलेली होती. खारे दाणे, खारा पापड, खारट सॉस यांनी ओथंबलेली व्यापाऱ्याची बशी पिणाऱ्याच्या तहानेकडे पाहून भरलेली आहे. मीठ खावे, तहान लागावी, दुसरा पेला मागवावा. पुष्कळ ठिकाणी ती फुकट देतात, यातच तिचे खरे मूल्य कळते. कोणी म्हणतील, उत्तम चखण्याने मद्य प्रतिष्ठित होईल. होईलही. परंतु मद्य लातुरात व नांदेडात आमच्या लेखाची वाट पाहत थांबलेले नाही. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला, मराठवाडा १९५६ साली त्या राज्यात आला व पुढे तो कायदा येथेही आला. आज त्याच कायद्याच्या छत्राखाली, परवान्याची पाटी लावून, 'परमिट रूम' हमरस्त्यावर उभी आहे. जेथे गावच्या स्त्रियांनी एकत्र येऊन आडव्या बाटलीस कौल दिला आणि दुकान बंद करविले, तेथे आम्ही त्यांच्या बाजूस आहोत. तेथे आमच्या बशीचे काही काम नाही. देशी दारूच्या दुकानाबाहेर कागदाच्या पुडीतील फुटाण्यांवर दिवसाची मजुरी गिळणाऱ्या माणसासही या लेखाचा उपयोग नाही, हे आम्ही जाणून आहोत. आमचे बोलणे ज्यांच्या हाती ती चकचकीत पत्रिका पडते त्यांच्याशी आहे, आणि ते या मासिकाचे वाचक आहेत.

त्यांनी आणखी एका द्रव्याकडे पाहावे, ज्याचे नाव पत्रिकेत कोठेच नाही. ते द्रव्य पाणी. कॉकटेल म्हणजे अर्धा बर्फच. पेला गार करावा, हलवावा, तो बर्फ फेकून द्यावा, नवा घालावा. एप्रिल २०१६ मध्ये याच लातुरास मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले होते, आणि त्याच उन्हाळ्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तेथील मद्याच्या कारखान्यांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश दिला. त्या वर्षी आमच्या यजमानांच्या घरी भांडी धुतलेले पाणी कुंड्यांना जात असे. परवा त्यांच्याच चिरंजीवांपुढे वाढप्याने अर्धा पेला बर्फ मोरीत ओतला, तेव्हा त्यांनी मान वळविली. कोणी काही बोलले नाही, समारंभ होता.

निघण्यापूर्वी आम्ही त्या वाढप्यास विचारले की, तू स्वतः रात्री काय जेवतोस. तो औसा तालुक्यातला. घरून डबा आणतो म्हणाला: भाकरी, पिठले, चटणी. चटणी कशाची? शेंगदाण्याची, आईने कुटलेली. थोडी दाखवशील का, असे विचारताच तो संकोचला, व्यवस्थापकाकडे पाहू लागला, आणि मग बशीत चमचाभर घेऊन आला. त्या मेजावर त्या रात्री आलेल्या सर्व पदार्थांत तीच एक वस्तू अशी होती की, जिच्यानंतर मोहितोतला पुदिना पुन्हा जिभेवर आला. देयकात तिचा आकार लावलेला नव्हता.

पत्रिकेची छपाई स्वच्छ असून बांधणी टिकाऊ आहे. मुद्रणदोष पुष्कळ आहेत. 'मंचुरियन' हा शब्द तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिला आहे, आणि 'पापड'मधील दुसरा प एके जागी गळाला आहे. किमती आम्हांस भारी वाटल्या. दुसरी आवृत्ती काढण्याचा प्रसंग आल्यास चालकांनी 'स्टार्टर' हे पान काढून टाकावे, तेथे 'तोंडी लावणे' असा मथळा घालावा, आणि त्याखाली काय छापावे हे आपल्याच वाढप्यांस त्यांचे डबे उघडावयास लावून ठरवावे. फक्त त्या चटणीचे पैसे मग औशास पाठवावयास विसरू नये.